बंद न पडता घर बदलणं

३ जून, सोमवार, सकाळ
ऐक म्हातारे, हे तुझ्यासाठीच बोलून ठेवतेय, कारण संध्याकाळपर्यंत तू विसरशील. काल चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर! अक्षर आपल्याला कधी आलं नाही, पण नातवाने दिलेला फोन मी बोलते ते लिहितो, मागितलं की वाचून दाखवतो. इतरांनी ऐकायचं नाही.
ठरलं. रविवारी थोरल्या मुलाकडून धाकट्याकडे कायमचं जायचं. इथला जिना गुडघ्यांना झेपत नाही. माझं काही नाही, काळजी या घराची. मी नसले की रोज दूध उतू जाणार.

४ जून
फोन देणारा नातू, थोरल्याचा मुलगा, नोकरीत हेच करतो, घर बदलून देतो. मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात लहान कॉम्प्युटर असतात म्हणे. खोटे-खोटे, पण काम खरं करतात. त्यातला एक चालू असतानाच दुसऱ्या मोठ्याच्या पोटात हलवायचा. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हटलं, मलाही तसंच हलव. म्हणाला, आजी, त्याला नेटवर्क नीट लागतं. म्हटलं, अटी सांग, मी बघते.

६ जून
पहिली अट, दोन्हीकडे नेटवर्क सारखं हवं, नावासकट. धाकट्या सुनेला फोनवर सांगितलं, इथल्यासारखाच पलंग खिडकीशी, चहा सहाला. बरं म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.
दुसरी अट, हलवाहलवीला वेगळा, रुंद रस्ता. पॅसेज मोकळा ठेवा म्हटलं. थोरली सून म्हणाली, आई, मग आम्ही खिडकीतून ये-जा करू का?

८ जून, शनिवार, दुपार
दमले. नातू सांगतो, चालू मशीन नेताना आत बदल होतच राहतात, बदललेलं पुन्हा न्यावं लागतं. बदल नेण्यापेक्षा वेगाने झाले तर काम संपतच नाही. हे सांगताना माझ्या ट्रंकेकडे का बघत होता? हिरवी शाल काढली, तपकिरी ठेवली, परत हिरवी ठेवली, एवढंच. शेवटी थोरल्याने ट्रंकेवर बसून कडी लावली.
शेवटची अट, पोचल्यावर सगळ्या नेटवर्कला ओरडून सांगायचं, आता मी इथे. नाहीतर निरोप जुन्याच जागी जातात. नातू म्हणाला, सगळ्यांना फोन लाव. मी कशाला ओरडू? माझ्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. येतील शोधत.

९ जून, रविवार
पोचले. चहासुद्धा चुकला नाही. नातू खूश. म्हणाला, कुणाला कळलंही नाही.

११ जून
फोन उशाशी आहे. वाजला नाही. बिघडलेला नाही, धाकट्या सुनेकडून लावून बघितला. थोरल्याकडे गोंधळ उडाला असणार, वेळ कुठून मिळणार? आपण होऊन फोन करायचा नाही.

१३ जून, दुपार
केला. दूध उतू गेलं का विचारलं. थोरली सून म्हणाली, नाही बाई, कशाला जाईल? शेजारची शिवणवाली, माझी मैत्रीण, अजून रोज येते म्हणे. माझ्याच खुर्चीत बसून चहा पिते. आणि हळू बोलते. मी आत झोपलेय असंच समजत असणार. सुनेला वाटलं, मी तिला कळवलंय.

१५ जून, शनिवार
पत्ता लागू नये, ही हौस माझीच. पोराचं काम चोख आहे.
फोना, हे सगळं थोरल्याकडे पाठव. सूनबाई, शिवणवालीला मोठ्याने वाचून दाखव: आता मी इथे. उद्या तिला घेऊन या. नाहीच जमलं तर मिठात मुरवलेली लिंबं पाठवा. माझ्या हातची, खालच्या फळीवरची. नवी नकोत.