तीन गावचं पाणी

प्रिय मोठी आई,

पहिले तं माफ करजो. लिहिण्यात लय चुका असतीन. नववीतच शाळा सोडली, कोणती वेलांटी कुठी द्यायची हे मले तेव्हाही जमत नोतं, आता तं पार विसरली. अन मोबाईलवर माहं बोट एका अक्षरावर ठेवलं का बाजूचंच उमटते. हेमराज म्हणे, मी भराभरा टाईप करून देतो, पण हे त्याले सांगायचं नाई मले. फोन लावला असता, पण तुले माहीतच हाये, फोन कानाले लावला का हं अन हो याच्याबाहेर माह्या तोंडातून काई निघत नाई. सकाळपासून एकएक अक्षर दाबून राह्यली. तुह्या भावाच्या नातीच्या, सुरभीच्या फोनवर धाडते. तिले वाचाले देऊ नको. चष्मा लावून तूच वाचजो, हळूहळू.

आमी बरे हाओत. पिपरीले येऊन दिवाळी गेली, संक्रांत गेली. घर चांगलं हाये. लेआऊटमंधलं, शेवटून दुसरं. समोर रस्ता हाये, तो पक्का होऊन राह्यला असं सगळे म्हणतात, पण गिट्टी टाकून गेले ते आलेच नाई. बाबा आता दुपारी जेवाले घरी येतात, वर्ध्याचं बियाण्याचं दुकान इथून जवळच पडते. आईले भाजी दारातच भेटते. हेमराज सायकलनं कॉलेजात जाते अन लय मोठा भाऊ झाल्यासारखा करते. बाजूले अनुसयाबाई राह्यतात, आर्वीकडच्या हायेत. पहिल्या दिवशी त्यायनं मले नाव विचारलं, शिक्षण विचारलं, स्वयंपाक येते का विचारलं, अन मी आत पळून गेली. तं त्या आईले म्हणे, तुमची पोरगी मुकी हाये का वो? आई म्हणे, मुकी नाई, हिच्या मोठ्या आईनं लाडावली हाये. हे ऐकून मी सैपाकघरात गेली अन उगाच घासलेले भांडे पुन्हा घासत बसली.

हिंगणीहून बाबाले दुकान दूर पडते म्हणून नवीन घर कुठी घ्यायचं हे चालू होतं, ते सगळं मले आठवते. बाबाले सिंदी रेल्वे पाह्यजे होती, तिथं त्यायच्या ओळखीचे दुकानदार. आईले नालवाडी. आई म्हणे, सिंदीले गेलो तं पोट्टं वर्ध्याच्या कॉलेजात कसं जाईन, उडत? बाबा म्हणे, अवो, गावाच्या नावातच रेल्वे हाये अन तू उडायचं काऊन काढते? मंग आठ दिवस रोज तेच. जेवतानी सिंदी, झोपतानी नालवाडी. शेवटी तू ताटावरून उठली अन म्हणाली, भिंती काय पाह्यता, भिंती उद्या रंगवसान. पाणी आणा. जिथल्या पाण्यात डाळ शिजन तिथं घर घ्या, न शिजली तं मी त्या घराचं नावही ऐकणार नाई. बाबा उठून रिकामी शिशी शोधाले लागले. तुह्या शब्दावर ते कधी बोललेच नाई. त्यायचे मोठे भाऊ, आपले मोठे बाबा, गेल्यावर तं नाईच.

घर पाह्यले मलेच नेत, कारण शिशी धरून बसाले कोणीतरी पाह्यजे अन मी कोणाशी बोलत नाई तं वेळ वाया जात नाई. नालवाडीच्या घरी आईनं त्या बाईले म्हटलं, जरा नळाचं पाणी भरून घेऊ काय? ती म्हणे, बापा! घर पाह्यले आले का पाणी भराले? मले तिथंच जमिनीत जावं वाटलं. पण शिशी भरली, मांडीवर धरून पार हिंगणीलोक आणली अन तुह्या हातात देल्ली. तू म्हणे, कुकरमंधी नाई, कुकरमंधी गोटाही शिजते. चुलीवर, गंजात. आपल्याच वावरातली तूर, तोच गंज, तेच लाकडं. डाळ लय वेळ शिजत राह्यली. तू बोटानं दाबून पाह्यली अन म्हणाली, कच्ची. हे पाणी जड हाये. आईचं तोंड एवढंसं झालं, पण नालवाडी संपली.

मोठी आई, त्या दिवशी मी लाकडं आणाले मागं गेलती अन दारातून पाह्यलं. तू चिचेचा गोळा डाळीत टाकला. आधीच. डाळ शिजायच्या आधी. तूच मले शिकवलं हाये, आंबट शेवटी टाकजो, आधी टाकलं का डाळ मरेलोक शिजत नाई. मले वाटलं, तुह्या ध्यानात राह्यलं नसन. मंग सिंदीचं पाणी आलं. तेव्हा मी चुलीजवळच बसली होती. तू डब्बा उघडला, चिच काढली, माह्याकडे पाह्यलं, अन टाकली. मी खाली पाह्यलं अन सांबाराची जुडी सोडून पानं निवडू लागली. डाळ पुन्हा कच्ची राह्यली अन सिंदीही गेली. बाबा म्हणे, लोकं तं तेच पाणी पितात वो. तू म्हणे, पितात, शिजवतात का ते विचार.

मी कोणालेच सांगितलं नाई. काऊन, ते तुले सांगते. मी शाळेत जायचं सोडलं तेव्हा बाई वाचाले उभं करत अन माह्या गळ्यातून आवाज निघत नोता, पोट्टे हासत. मी घरी सांगत नोती, दप्तर घेऊन निघे अन देवळामागं बसे. माहीत झालं तेव्हा आई रडली, बाबा ओरडले, काऊन, काऊन, काऊन. तू एकटीनं विचारलं नाई. तू म्हणाली, बस, कणीक मळ. अन मी मळली. तू जसं मले सोडून देल्लं तसं मीही तुले सोडून देल्लं, असं मले वाटलं. मले वाटलं तुले हिंगणी सोडायची नाई, जाऊ दे, आपल्यालेही कुठी सोडायची हाये. आता वाटते तेव्हा विचारलं असतं तं बरं झालं असतं. तुहं माहं एक नाई. मले तेव्हा कोणी विचारायले नको होतं. तुले पाह्यजे होतं.

मंग ते रोहीचं झालं. बाबा दुकानातून येत होते, जंगलाच्या वळणावर गाडीसमोर रोही आली, घोड्याएवढी नीलगाय. बाबा दवाखान्यातून हात गळ्यात बांधून आले अन हासत म्हणे, रोही मस्त हाये, तिले काई नाई झालं. आई रडून राह्यली होती. तू बाबाच्या शर्टाची बाही कापली, हळद लावली. त्याच हप्त्यात पिपरीचं पाणी आलं. तू गंज मांडला. मी पाह्यत होती. डब्ब्याले तू हातच लावला नाई. डाळ अशी गळली का वरणाले घोटायची गरज नोती. तू बाबाले हाक मारली अन म्हणाली, घ्या हे घर. आता त्या रस्त्यानं येणं जाणं नको. बाबा एवढे खूश झाले का त्यायनं उभ्यानंच वाटीभर खाल्ली. तू जेवली नाई. म्हणे, धुरानं डोळे चुरचुरतात.

त्याच्यानंतर सगळं भराभर झालं. हिंगणीचं घर मधुकररावनं घेतलं. त्या घरावर मोठ्या बाबाचं नाव होतं म्हणून तुही सही लागत होती. तहसीलमंधी तू सही केली, एकदाच विचारलं, कुठी करू? अन केली. बाबा घरी येऊन आईले म्हणे, वहिनी लय मोठ्या मनाची हाये, एका शब्दानं काई म्हणाली नाई. मोठी आई, ते खरंच तसं समजले का तू खूश हाये. त्यायच्या डोक्यात हे आलंच नाई का तू येणार नाई. हेमराज खोल्या वाटत होता, ही त्याची, ही माही, ही आईबाबाची, तेव्हा तू तांदूळ निवडत होती अन तुहा हात थांबला होता. ते मी पाह्यलं. तू वाट पाह्यत होती का कोणीतरी म्हणन, अन ही मोठ्या आईची. कोणीच म्हटलं नाई. हेमराजले बाबानं सांगून ठेवलं होतं, समोरच्या खोलीचं नाव काढू नको. हे मले लय मागून समजलं.

आपल्या घराची रीतच तशी. येता का, बसता का, जेवता का, हे पाहुण्याले विचारतात. घरच्याले कोण विचारते, ताट वाढलं का हाक मारतात. आई नवीन नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिनं मोठ्या बाबाले विचारलं म्हणे, जेवता का? तं तूच तिच्यावर भडकली होती, काऊन वो, ते पाहुणे हायेत का? आई अजून ते सांगून हासते. तं तुले कोण विचारणार होतं? बाबाले वाटलं विचारणं म्हणजे तुले परकं करणं. अन तुले वाटलं विचारलं नाई म्हणजे तू त्यायच्या हिशोबातच नाई.

सामान हलवायच्या आधल्या मंगळवारी तू पिशवी भरली. म्हणे, आंजीले भावाकडे जाऊन येते, चार दिवस. मी तुले बसलोक सोडाले आलती. बस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात नाई हालवला, डोक्यावरचा पदर सारखा केला फक्त. मले तेव्हाच समजलं का हे चार दिवस नाई हायेत. अन मी काय केलं, तं घरी येऊन तुहा पाट पोत्यात बांधला. येशीन म्हणून.

तू हे घर पाह्यलं नाई म्हणून सांगते. समोरची खोली रस्त्याकडे हाये. तिच्या दारात आधीच्या मालकानं पायऱ्या केल्या होत्या, बाबानं त्या फोडल्या अन मिस्त्रीकडून ओटा बांधून घेतला. हिंगणीसारखाच, तेवढाच उंच, कारण जास्त उंच असला तं तुह्या गुडघ्याले चढवत नाई. मिस्त्री म्हणे, साहेब, आजकाल ओटे कोण बांधते, लोकं शटर लावतात. बाबा म्हणे, तू बांध. रंगही देल्ला. तू आली का दाखवू म्हणून कोणाले सांगितलं नोतं. गृहप्रवेशाले बाबा सारखे रस्त्याकडे पाह्यत होते. तू निरोप धाडला का गुडघा सुजला. पूजा झाली, लोकं जेवून गेले, अन ओट्यावर अनुसयाबाईच्या नातवानं चपला ठेवल्या तं बाबा त्या लेकरावर खेकसले. त्या लेकराले समजलंच नाई काय झालं ते.

दिवाळीनंतर बाबा आंजीले येऊन गेले, तुले आठवत असन. तिथून आले तं आई म्हणे, काय म्हणाल्या? बाबा म्हणे, चहा केला. मंग? मंग काय, कपाशीचं बोललो, तिच्या भावाची मोटर बिघडली ते पाह्यलं. आई म्हणे, तुम्ही चला म्हटलं का नाई? तं बाबा एकदम चिडले. म्हणे, स्वतःच्या घरी याले तिले निमंत्रण पाह्यजे का? तिले आंजीच बरी वाटते. अन ते जाऊन ओट्यावर बसले, अंधार पडेलोक. मले वाटते तूही त्या दिवशी वाट पाह्यत असशीन. त्यायनं चहा पेला अन ते गेले, अन तू कपबशी धुतली असशीन.

डाळ इथं खरंच चांगली शिजते. पण मीच करते तं तुह्यासारखी होत नाई. बाबा दोन घास खातात अन म्हणतात, काईतरी कमी हाये. आई म्हणते मीठ. मीठ बरोबर असते.

आता हे काऊन लिहून राह्यली ते सांगते. बाबानं काल जेवतानी म्हटलं का समोरची खोली रिकामी कशाले ठेवाची. मुकेश नावाचा पोरगा हाये, नर्सिंगचं शिकते, त्याले भाड्यानं खोली पाह्यजे. सोमवारी पाह्यले येणार हाये. हेमराज म्हणे, पण ती तं मोठ्या आईची, अन बाबा ताटावरून उठले. एकदा तो पोरगा राहाले आला, त्याची खाट लागली, तं मंग बाबा कधीच बोलणार नाई अन तूही कधीच येणार नाई, तुम्हा दोघायले मी ओळखते. मोठी आई, मले ऑटोवाल्यालेही विचारता येत नाई का हा कुठी जाते. पण हे विचारते. पाहुणी म्हणून नाई, रागावू नको. तू इथं राहाले येते का? नाई म्हणायचं असन तं नाई सांगजो, पण सोमवारच्या आधी सांगजो. हो असन तं काईच नको लिहू, येजो फक्त, मी स्टँडवर उभी राहीन, सोमवारी सकाळच्या पहिल्या बसपासून. चिच आणू नको, इथं हाये.

अन हो, हिंगणीच्या तानबानं जुनी चारचाकी घेतली अन पहिल्याच दिवशी देवळाजवळच्या हातपंपाले ठोकली. कोणाले लागलं नाई, पण हातपंप वाकडा झाला अन पाणी आता बाजूच्या नालीत पडते.

तुहीच,
हर्षा