निरक्षरांच्या यादीत माझं नाव

कुंडरा, शनिवार

ती. विलासिनीचेचीस,

सुधर्मा तुझ्या पायांवर डोकं ठेवते आणि थोडा वेळ तिथेच राहू देते, कारण वर केलं की कान तुझ्या हातात येईल. गुडघे कसे आहेत? भावोजींच्या खोकल्यावर शेजारी अजून घड्याळ लावतात का? इकडे मी बरी आहे. म्हणजे सोमवारच्या पेपरात तो फोटो येईपर्यंत होते.

फोटोतली बाई मीच. खाली 'सुधर्मा (५२), आयुष्यात प्रथमच पेन्सिल धरताना' असं छापलंय. तू बत्तीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवलीस, मला घरी कंदिलापुढे बसवून सातवीपर्यंत ओढत नेलंस, आणि आता तुमचं अख्खं वैक्कम तुला विचारत असेल की मास्तरीणबाईंची सख्खी बहीण अंगठेबहाद्दर कशी. (तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र उचलून वाचशीलच, कारण त्यातल्या चुका काढल्याशिवाय तुला झोप येणार नाही.)

झालं असं. आमचे काजू घेणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याच्या मनात आलं, की गरीब कामगारांना कारखान्यातच लिहा-वाचायला शिकवावं, आणि शिवाय जगायलाही शिकवावं. (जगण्याच्या पाठात राग आला की दहापर्यंत मोजायचं असतं. मुकादम शिव्या देतो तेव्हा आम्ही आता एका सुरात मोजतो, त्यामुळे तो जास्तच शिव्या देतो.) अट एकच, वर्ग सुरू करायला किमान पंधरा निरक्षर हवेत. मॅनेजर वर्गीससरांनी चारशे बायकांत दिवा घेऊन शोधलं, सापडली एक. आपल्याकडे बाई काजू फोडायला बसते तीच मुळी सकाळचा पेपर वाचून आणि त्यावरून शेजारणीशी भांडून. शेवटी सर घाम पुसत आमच्या शेडमध्ये आले. म्हणाले, "चौदाजणींनी कारखान्यासाठी एवढं कराच. रोज एक तास, पगारी. पंख्याखाली. पाठ टेकायची खुर्ची." चेची, अठ्ठावीस वर्षं मी जमिनीवर बसून दगडावर बिया फोडतेय. पाठ टेकायची खुर्ची म्हटल्यावर मी तिथल्या तिथे सातवी विसरले.

जी एक सापडली ती कुंजुपेण्णु. वय एकसष्ट, माझ्या शेजारच्या दगडावर बसते. पहिल्या दिवशी जिन्सीटीचरनं फळ्यावर अक्षर काढलं आणि आम्हा चौदाजणींचे ओठ आपोआप हलले. बाहेर आल्यावर कुंजुपेण्णुनं आमची बिनपाण्यानं केली. "अगं बयांनो, ज्याला वाचता येत नाही तो अक्षराकडे बघतच नाही. माणसाच्या तोंडाकडे बघतो." मग रोज डबा खाताना तीच आमचा वर्ग घेऊ लागली. बसची पाटी बघायची नाही, 'कोल्लमची गेली का हो?' असं विचारायचं, तेही म्हाताऱ्या माणसाला. कॉलेजातली पोरं हसतात. कागद हातात आला की चष्मा घरी राहिला म्हणायचं. सही मागितली की हात दाखवायचे. (टरफलाच्या तेलानं आमचे हात काळेच असतात, त्यामुळे हे कारण तिला जन्मभर पुरलं.) आम्ही हसून हसून लोळलो. घरी आल्यावर मात्र मी ताट तसंच बाजूला सारलं. अठ्ठावीस वर्षं शेजारी बसून, तिच्याकडे चष्माच नाही हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

पण सोंग आणणं सोपं, टिकवणं कठीण. तिसऱ्या आठवड्यात मेरीकुट्टीला राहवलं नाही आणि तिनं खोबरेल तेलाच्या भावावर दोन पानं लिहून काढली. जिन्सीटीचर आनंदानं रडली. (पोरगी तेवीस वर्षांची, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.) वर्ग हुशार निघाला म्हणून तिनं एकदम पाचवा धडा घेतला, मग आठवा. कुंजुपेण्णु अकराव्या अक्षरावर होती. महिन्याअखेरीस सरांनी आकडे पाहिले, आणि एका बाईमुळे वर्गाची टक्केवारी खाली येते म्हणून तिचं नाव कापलं. म्हणजे चेची, वाचता येत नाही म्हणून तिला वाचायच्या वर्गातून काढलं. ती परत दगडावर जाऊन बसली. "खुर्ची टोचतच होती," एवढंच म्हणाली. मला इतका संताप आला की दहा काय, चाळीसपर्यंत मोजूनही उतरेना. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, "तिला परत घ्या, नाहीतर परीक्षा बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसमोर आम्ही चौदाजणी घडाघडा वाचायला लागू." तासाभरात तिचं नाव परत आलं.

मग आम्ही ठरवलं, परीक्षेत कुंजुपेण्णुच पहिली आली पाहिजे. त्याला उपाय एकच, बाकीच्यांनी कोरा कागद द्यायचा. तुझ्या हाताखाली शिकलेल्या माणसाला कोरा कागद देणं किती जड जातं ते मी आयुष्यात विसरणार नाही. एक तास मी माझाच उजवा हात डाव्या हातानं धरून बसले होते, आणि नेमकी तशी बसलेली मीच फोटोवाल्याला अडाणी दिसले. कुंजुपेण्णुनं चाळीस मिनिटं घेऊन, जीभ बाहेर काढून आपलं नाव लिहिलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ती पहिली आली, शाल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. तेव्हा माझं शून्य तू पोटात घाल. तू शिकवलेलं मी विसरले नाही, फक्त लपवलं, आणि ते चांगल्या कामासाठी.

भावोजींना नमस्कार.

तुझी, कागदोपत्री निरक्षर,
सुधर्मा

ता. क. : एवढ्या शिकवणीनंतरही चौदाजणी इतक्या मागे कशा, याचं पाहुण्यांना फार वाईट वाटलं. म्हणून वर्ग आणखी वर्षभर चालणार आहे, खुर्च्यांना गाद्याही येणार आहेत. नवी यादी काल लागली. आम्ही चौदाजणी आहोत. कुंजुपेण्णु त्यात नाही, कारण ती पास झाली. मी पुन्हा केबिनमध्ये जाऊन तीच धमकी दिली. सर म्हणाले, "वाचा की खुशाल. तुम्हाला वाचता येत नाही असं सहीशिक्क्यानिशी माझ्याकडे आहे." चेची, हे आमच्याच हातून झालं. तिला तिचं नाव येतं आणि अकरा अक्षरं येतात. तू दोन महिने ये. मागची खोली झाडून ठेवली आहे, खाटेची दोरी घट्ट केली आहे. ओरडायचं ते मला ओरड, तिला नको.

आणखी एक : आज ती ते प्रमाणपत्र काच लावून घेऊन आली होती. आजूबाजूला कुणी नाही बघून मला म्हणाली, "काय लिहिलंय गं यात?" मी वाचून दाखवलं. हिला वाचता येतं, असं लिहिलंय.