जपानी गेमचा निकाल

३ ऑगस्ट १९९९

नवा गेम आलाय, जपानी. हिम्मतराव मालकांनी सीडी हातात दिली. "शेवटपर्यंत खेळ आणि सांग. चालणार असेल तर दिलसुखनगरच्या नव्या दुकानातही ठेवू." ते दुकान कोणी बघायचं, विचारलं. म्हणाले, बघू. माझ्याकडं बघितलं, मग विकीकडं. विकी त्यांचा भाचा — माझ्यासोबत इथंच, नारायणगुड्याच्या व्हिडिओ गेम पार्लरात कामाला असतो.

शाळा सातवीत सोडली. गॅरेज सोडलं, हॉटेल सोडलं. ते दुकान मिळालं तर मात्र टिकणार.

४ ऑगस्ट

एक अक्षर कळत नाही. निळ्या केसांचा पोरगा, तलवार त्याच्याहून मोठी. गावात भेटेल त्याच्याशी बोलतो. जपानी विकीलाही येत नाही, पण कोण काय बोललं ते तो मनानंच रचून सांगतो — "सेठ बाहर गए, कल आओ." म्हातारी असो, पोलीस असो, सगळे हेच. हसून पोट दुखलं.

५ ऑगस्ट

आईला फोन. "खेळायचा पगार देतात? खरं सांग, काय करतोस तिकडं?"

७ ऑगस्ट

गेम बरा आहे, भारी नाही. जंगलात लांडगा निळा, डोंगरात तोच लांडगा लाल. जरा चाललं की लढाई, लढाईत एकच बटण. तासावर खेळणारं गिऱ्हाईक जांभया देईल. म्युझिक मात्र गोड — चहा गाळताना तेच गुणगुणतो. आणि एक दिवेवाली पोरगी आहे. मार खाल्लेल्यांना बरं करते, ती आली की जीव लागतो.

विकी म्हणतो, "एक नंबर गेम आहे. तुला घाई फार."

९ ऑगस्ट

संपला! पोरगा आणि दिवेवाली बोटीत चढले, पडदा काळा, मधोमध दोन ओळी. "दी एंड लिहिलंय," विकी म्हणाला. सगळी बटणं दाबली, काही नाही. एवढं खेळून बोट सुटलेलीही दाखवली नाही!

मिरची भजी आणली. मालकांना सांगितलं — मध्यम, शेवट तर अगदीच अर्धवट, ठेवू नका. विकी म्हणाला, ठेवा. मालकांनी माझं ऐकलं. दिलसुखनगरची किल्लीही मलाच दिली. विकीनं पाठीत धपाटा घातला, "क्या सेठ, पहचानते क्या अब?"

१० ऑगस्ट

सीडी परत करायला गेलो. सीडीवाला म्हणाला, "एकीच लाए? दो सीडी का गेम है मियाँ. दुसरी मेरे पासीच रह गई, ले जाओ."

म्हणजे त्या दोन ओळी — दुसरी सीडी टाका!

रस्त्यातच हसू फुटलं. मग खिशातली किल्ली हाताला लागली.

१४ ऑगस्ट

मालकांना त्याच दिवशी सांगितलं — अर्धाच गेम खेळून निकाल दिला होता. किल्ली विकीकडं गेली. दुसरी सीडी आज संपवली — तीही मध्यमच. उद्यापासून दिलसुखनगरला, विकीच्या हाताखाली. हो म्हणालोय.