टोपीखालचं मेण

दुबई, ३ फेब्रुवारी २०२५

ती. सत्यजितदादा यास रुचाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील. म्हणशील, या बयेला व्हॉट्सॲप महाग झालं की काय. अरे, रोनितराव रोज माझा फोन तपासतात. आमच्या स्वयंपाकाच्या मैमुनाबीचा नवरा मोहिद्दीन तुमच्याच गोदामात गाडी चालवतो, तेव्हा तेच आपलं पोस्ट. अक्षराला नावं ठेवू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हाताची बोटं दाराच्या फटीत धरून यांनी दार लावलं. दोन नखं गेली. कारण काय, तर वरणात मीठ जास्त. त्याच्या आधी पट्टा झाला, बकलचा ठसा पाठीवर आहे. पासपोर्ट यांच्या लॉकरमध्ये, नाहीतर कधीच सांगली गाठली असती.

पाहुणे आले की यांचा एक खेळ असतो. जुनं ठासणीचं अमेरिकन पिस्तूल काढायचं, नळी रिकामी ठेवून मागच्या बारीक भोकावर नुसती तांब्याची टोपी, म्हणजे दारू पेटवणारी केप, चढवायची, स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढायचा. फट्ट होतं, बायका किंचाळतात, हे हसतात. आता तुमच्या लिलावातल्या त्या खिशातल्या छोट्या पिस्तुलावर जीव जडलाय. चाळीस हजार दिरहॅमपर्यंत जाईन म्हणाले, म्हणजे साडेनऊ लाख रुपये. परवानाही काढून ठेवलाय. ते पिस्तूल तूच साफ करतोस ना रे?

दहा वर्षांची असल्यासारखी तुझी आठवण येते. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी रुचा


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, ६ फेब्रुवारी

चि. सौ. रुचा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गोदामात उभ्यानेच वाचलं आणि पॉलिशचा डबा भिंतीवर फेकला. मॅनेजरला हात घसरला म्हणून सांगितलं. माझं मन म्हणत होतं, आत्ता जावं आणि त्याची दहाच्या दहा बोटं त्याच दारात धरावीत. पण माझं काही झालं तर तुला इथे दुसरं कोण आहे?

ते पिस्तूल माझ्याच टेबलावर आहे. आपले आप्पा सांगलीच्या बंदुकीच्या दुकानात शिकवायचे ते आठवतं का, की जुनं हत्यार आलं की आधी गज, मग बाकीचं. मी नळीत गज घातला, तोंडाशी खूण केली, बाहेर काढून खूण तोंडाशी जुळवत नळीवर ठेवला. गजाचं टोक मागे बोटभर कमी पडलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी दारू आणि गोळी ठासली आणि ती उडवलीच नाही. बार तसाच आत आहे. टोपी चढवून चाप ओढला तर उडू शकतो. पेचाच्या सळईने गोळी काढायला पंधरा मिनिटं लागतात. अजून कोणाला बोललो नाही.

मला एकच खरं सांग. तो खेळ तो फक्त स्वतःच्याच कानशिलावर करतो ना? तुझ्यावर कधी नाही ना? याचं उत्तर लगेच पाठव. जेवत जा.

तुझा दादा


दुबई, ८ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

किती घाबरतोस रे. स्वतःच्याच कानशिलावर करतात, माझ्यावर कधीच नाही. तुझी शपथ. आणि तो बार तू काढशीलच, मग कशाची भीती? मोहिद्दीन खाली हॉर्न वाजवतोय, यल्ला यल्ला करतोय. थांबते.

तुझी रुचा


अजमान, २४ फेब्रुवारी

ती. सत्यजितदादा यास शि. सा. न. वि. वि.

पत्ता बघ. मी विल्माकडे आहे, ती माझ्या जुन्या ऑफिसातली वसईची मैत्रीण. फोन त्या घरातच राहिला, म्हणून परत वही. मी बरी आहे हे आधी वाच, मग पुढचं.

दादा, मी तुझी खोटी शपथ घेतली होती. खेळातली पहिली टोपी नेहमी माझ्या कानशिलावर असते. दुसरी त्यांच्या. तुझं डोकं फिरेल, काहीतरी करून बसशील, म्हणून अर्धंच लिहिलं. माफ कर.

शनिवारी दुपारी वीस माणसं जेवायला होती. तुमच्या लिलावातून घेतलेलं नवं पिस्तूल सगळ्यांच्या हातातून फिरवलं. मग माझे केस धरून मला खुर्चीत बसवलं आणि नळी कानाच्या वर टेकवली. एरवी माझी वाचा जायची. पण या वेळी मनात आलं, हे तर आमच्या दादाच्या हातून आलंय. तुझा हात लागलाय तर आत काही असणंच शक्य नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी डोळे मिटले नाहीत. त्यांनी चाप ओढला. फट्ट. लोक हसले.

मग मी उठले, ते पिस्तूल त्यांच्या हातातून हिसकावलं, नळीकडून धरलं आणि पिस्तुलाच्या मुठीने त्यांच्या तोंडावर हाणलं. पहिल्या फटक्यात ओठ फाटला, दुसऱ्यात दोन दात पांढऱ्या सोफ्यावर पडले. तिसरा बसला असता, पण कोणीतरी मला मागून धरलं. मैमुनाबीने माझी पर्स आणली आणि म्हणाली, चलो, अब खलास. विल्माने पोलिसात नेलं. तिथल्या पोलीस बाईने पाठीवरच्या वळांचे फोटो काढले. माझी तक्रार आहे, त्यांचीही माझ्यावर आहे. पिस्तूल पोलिसांकडे. सुटेन, इन्शाल्ला.

हे बळ तुझ्या हातांनी दिलं, दादा. पायांवर डोकं ठेवते.

तुझीच रुचा


दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, २७ फेब्रुवारी

चि. रुचा हीस,

समोर येऊन हे बोलायची माझी हिंमत नाही.

मी बार काढला नव्हता.

तुझं उत्तर आलं, आणि मी सळई खणात परत ठेवली. लिलावाच्या कागदावर ‘रिकामं, तपासलं’ असं लिहून सही केली. तो स्वतःच्या हाताने स्वतःला मारेल, तू सुटशील, आणि कोणाला कळणारही नाही, असा माझा हिशोब होता. शनिवारी त्याच्याकडे जेवण आहे हे मोहिद्दीनकडून कळलं होतं, मी त्याच्या मरणाच्या फोनची वाट बघत बसलो होतो. रुचा, त्या वेळी ती नळी तुझ्या कानाला होती, आणि ती भरलेली मीच ठेवली होती.

तुझं पत्र वाचलं. मग पोलिसांकडे गेलो, पिस्तुलात बार आहे आणि मला ते माहीत होतं, असं सांगितलं. त्यांनी माझ्याकडूनच तो काढून घेतला. गोळी वाटाण्याएवढी. दारू कोरडी ठणठणीत होती, मी चिमूटभर बशीत ठेवून काडी लावली तर भपकन पेटली. मग उडाली का नाही, असं त्यांनी विचारलं. मी टोपीखालचं बारीक भोक सुईने उकरलं, तर मेण निघालं; टोपीची ठिणगी आतल्या दारूपर्यंत पोचलीच नव्हती. दमट हवेत गंज धरू नये म्हणून काम संपल्यावर प्रत्येक पिस्तुलाला मी तिथे मेण भरतो. आप्पांनी लावलेली सवय. त्या दिवशी डोक्यात खून होता आणि हात आपलं रोजचं काम करून गेला.

नोकरी गेली. माझा पासपोर्ट पोलिसांकडे आहे, पुढे काय होईल ते होईल. माझ्या हातांनी बळ दिलं असं तू लिहिलंस. ते वाक्य मी खोडू शकत नाही, पचवूही शकत नाही.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायची हाताला सवय आहे, म्हणून लिहितो. अनेक आशीर्वाद. या हाताचे चालतील का, ते तू कळव.

सत्यजित