वेगळ्या अंथरुणाचं व्रत

२ एप्रिल १९७४, मंगळवार. कुंडल.
ही वही ट्रंकेत, किल्ली माझ्या जानव्याला. म्हणून लिहितो. पंधरा दिवस जांघेत खाज. जांघेत म्हणजे जांघेतच नव्हे, पण एवढं पुरे. कारण फक्त ऊन. मी हायस्कूलला सायन्स शिकवतो, मला कळतं. सोमवारपर्यंत संपवायचं.

५ एप्रिल.
लिंबू हे ॲसिड. ॲसिडनं जंतू मरतात. गोठ्यात जाऊन लावलं. पुढचं आठवत नाही. आईनं (धोंडुबाई, कान तिखट) बाहेरून विचारलं, काय चावलं? मी म्हटलं, विंचू. तिनं शेजारच्या गुंडा मांत्रिकाला बोलावलं. त्यानं मंत्र म्हणून पायावरून विंचू उतरवला आणि विचारलं, "उतरला का?" खरंच थोडं उतरलं होतं.

८ एप्रिल, सोमवार.
अडचण बायकोची, अंजनाची. फेब्रुवारीत पेपर तपासायला चार दिवस सांगलीला होतो. हे तिनं पाहिलं तर काय समजेल? बाहेरचं समजेल. म्हणून सांगून टाकलं: औंधच्या यमाईचं व्रत धरलंय, एकवीस दिवस अंथरूण वेगळं. कशासाठी, असं आईनं विचारलं. तोंडातून गेलं, मूल व्हावं म्हणून. लग्नाला तीन वर्षं झालीत. आईला आनंदाने रडू आलं. मूल होण्यासाठी वेगळं अंथरूण, हे दोघींपैकी कुणाला खटकलं नाही. अंजना एवढंच म्हणाली, "मी बी धरू का?" मी म्हटलं, गरज नाही.

१३ एप्रिल.
मुद्दाम सांगलीला, अनोळखी दुकानातून ट्यूब आणली. मित्रासाठी म्हणून. दोन दिवसांत जागा साफ! ट्यूब फेकली. उगाच घाबरलो होतो.

१९ एप्रिल.
परत. दुप्पट. कडा लाल, मध्ये फिकट, नकाशातल्या बेटांसारखं. नवी ट्यूब.
आईनं व्रताची बातमी विहिरीवर सांगितली. हेडमास्तरांनी नववीपुढे 'संयम' या विषयावर बोलायला लावलं. वीस मिनिटं बोललो, एक हात खिशात. भाषण चांगलं झालं.

२५ एप्रिल.
जाफर टेलरकडे पँट सैल करायला टाकली. त्यानं माझी चाल पाहिली आणि सुई खाली ठेवली. म्हणाला, "मास्तर, ह्या उन्हात वर टेरिकॉट, आत नायलॉन. गजकर्ण हाय. मला बी झालतं. दवाखान्यात दावा. आन् वैनींस्नी सांगा, कापडं उकळाय लागत्यात." मी म्हटलं, माझं नाही, मित्राचं. जाफर म्हणाला, "मग मित्राला सांगा." टेलरनं टेलरचं काम करावं.

२९ एप्रिल.
एकवीस दिवस आज भरले. खाज भरात. व्रत सव्वा महिन्याचं केलं. आईनं माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवली. अंजनाच्या हातात माझ्यासाठी तांब्या होता. तो तिनं उंबऱ्यावरच ठेवला आणि आत गेली.

६ मे.
आईकडून कळलं, अंजना आठ दिवस एकवेळ जेवते, वैशाखात अनवाणी चालते. मला दिसलं नव्हतं. सोड म्हटलं. म्हणाली, "तुमी यवढं करताय, मग मी नको?" ठरलं. पुढच्या सोमवारी डॉक्टर. पण सांगलीचे डॉक्टर आमच्या हेडमास्तरांचे पाहुणे निघाले तर? मिरजेला चौकशी करावी. घाई नको.

११ मे, शनिवार.
आईच्या हट्टानं तिघं औंधला. डोंगराच्या पायऱ्या तापलेल्या. अर्ध्यात अंजना मटकन बसली. आई पुढे गेली होती. अंजना खाली बघत म्हणाली, "खरं सांगा. मी नकोशी झालीया का? आईंस्नी नका सांगू, मला सांगा. मी गुमान माहेरी जाते."
मी म्हटलं, "तुला ऊन लागलंय. चल."
हे लिहिताना सुद्धा तेवढंच म्हणालो असं वाटत नाही. पण तेवढंच म्हणालो.

१४ मे.
जतहून तिचा भाऊ लालासाहेब न्यायला आला. तिनंच चिठ्ठी धाडली होती. स्टँडपर्यंत पिशवी मी धरली. वाटेत सांगायचं ठरवलं. वाट संपली. ती खिडकीशी बसली, गाडी सुरू झाली. इंजिनाच्या आवाजात मोठ्यानं ओरडलो, "अंजना, मला गजकर्ण झालंय!"
नेमकं ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.
सगळा स्टँड माझ्याकडे बघत होता. कंडक्टर म्हणाला, "अजून काय सांगायचंय का मास्तर, का डबल मारू?" लालासाहेबानं विडी काढली आणि दुसरीकडे तोंड केलं.
अंजना उतरली. गाडी लालासाहेबाला घेऊन गेली. चिंचेखाली आल्यावर म्हणाली, "मला पाडव्यापासनं हाय. मला वाटलं, ते तुमास्नी दिसलं. म्हणूनच अंथरूण येगळं केलं."
महिना-दीड महिना ती पाण्याच्या घंगाळ्याशी एकटी अंग धूत बसायची. मी समजत होतो, पूजेला सोवळं पाळते.

१६ मे.
दोघं मिरजेला. डॉक्टरांनी अर्धं मिनिट पाहिलं. गजकर्णच. त्या ट्यूबनं वरवर शांत झालं आणि आत पसरलं. घरात दुसऱ्याला होतंच, म्हणाले, आधी का नाही आलात? मी छताकडे बघितलं. मलम चार आठवडे, बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. सुती कपडे.

२० मे.
अंगणात चूल मांडून कपडे उकळतात. अंजनानं आईला सरळ सांगितलं, व्रत नव्हतं. आई माझ्याशी बोलत नाही, ताट मात्र वाढते. अंजना दोन्ही वेळ जेवते. माझ्याशी कामापुरतं बोलते.
संध्याकाळी ती धोतर पिळत होती. दुसरं टोक धरलं आणि विचारलं, तुला फार त्रास होतो का?
तिनं पीळ घट्ट केला. म्हणाली, "आता इचारताय व्हय."