एकट्या चेलोसाठी आकांत

कर्जत, ४ फेब्रुवारी १९७९

चि. हिरामण यास अक्काचा स. जय भीम, वि. वि.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याबद्दल क्षमा कर. शाळेचं निमित्त सांगता येईल, पण खरं कारण तू पाठवलेली छापील पानं. एकट्या चेलोसाठी, त्या तुझ्या थोरल्या व्हायोलिनसाठी, तू केलेली ही पहिलीच रचना, आणि ती हातात धरली की हात धुवावेसे वाटतात.

सुरांच्या खुणा मला वाचता येत नाहीत. खालच्या तुझ्या मराठी सूचना येतात. एके ठिकाणी, गज तारेवर घासून नाक ओढल्याचा आवाज. पुढे, दम अडकल्यासारखे. मग लाकडावर एक थाप, कुणी गप्प करते. आणि वर आईचं नाव, ‘पुतळाबाईचा आकांत’. बाबा गेले तेव्हा कडावच्या अंगणात आई रडली, ते हे. तिच्या नाकातलं पाणीसुद्धा तू सोडलं नाहीस. लोक तिकीट काढून ऐकणार, मधल्या सुट्टीत वडे खाणार. शिसारी येते. आई शिकलेली असती तर कमी आली असती का, हेही मी स्वतःला विचारलं.

पंचवीस तारखेच्या कार्यक्रमात हे वाजवू नकोस.

रागातली माया ओळखून घे.
अक्का

मुंबई, ९ फेब्रुवारी

ती. अक्कास हिरामणचा जय भीम.

मी उष्टावलेला पेला तू लहानपणीही दोनदा विसळायचीस, तेव्हा हात धुण्याचं नवल नाही. पण रडणं आईचं आहे. तिला वाचून दाखव. ती नको म्हणाली तर वाजवणार नाही, प्रती बंबात घालीन.

आहे तो जीव असाच लावत जा.
तुझा हिरामण

कर्जत, १८ फेब्रुवारी

चि. हिरामणास स. जय भीम.

काल कडावला गेले. आई तांदूळ निवडत होती. नाक ओढण्यापाशी हसली. म्हणाली, मेल्यानं नाक तेवढं बरं ध्यानात ठेवलंन. थापेपाशी तिचा हात थांबला. आता आपण बौद्ध, असा गळा काढणं शोभत नाही, असं म्हणून श्रीपतकाकांनी तिला तिथेच गप्प केलं होतं. त्यानंतर ती कधी रडलेली मी पाहिली नाही.

मी पान मिटलं, तर म्हणाली, अजून खाली लिवलेलं दिसतंय की गं. थापेपुढची तुझी दोन पानं, जिथे रडणं पुन्हा सुरू होतं ती, वाचली. तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, मी तर तितंच गप झाले. म्हंजी ह्ये माझं ऱ्हायलेलं हाय. नाव ऱ्हाऊ दे. पन आदी हितं वाजव म्हनावं, श्रीपतभावजींच्या म्होरं.

माझी शिसारी गेलेली नाही, हिरामण. मी आत चुलीपाशी बसेन. पण तिचं राहिलेलं अडवणारी मी कोण? शनिवारी ये. चेलो एस्टीच्या टपावर टाकू नकोस.

भांडले तरी तुझीच,
अक्का

अक्काची वही, १८ फेब्रुवारी. उद्या: श्रीपतकाकांना शनिवारचं बोलावणं करणे.