सासूबाईंच्या तळघरातले टोमॅटो

बुधवार, ३ ऑक्टोबर

टोमॅटोच्या हवाबंद बरणीचं झाकण खालीवर झालं. बोटाने दाबलं — टक्. सोडलं — टक्. फळीवर पुढे दोनच बरण्या, दुसरीचंही तसंच. म्हणजे हवा आत गेलेली. म्हणजे टोमॅटो नव्हेत, विष!

सासूबाईंचा गुडघा आज फार दुखत होता म्हणून तळघरात मी उतरले. एरवी त्या कुणाला उतरू देत नाहीत. आजही मागून "थांब, मी जाते" म्हणाल्या, पण मी तोवर खाली. आणि हे दिसलं. काय करावं सुचेना. वर जाऊन सांगायचं? माझा नवरा ड्वेन टेबलाशी बसलेला. त्याच्यासमोर?

तळघराच्या बाहेरच्या दाराने निघाले, अंगण ओलांडून आमच्या घरी पळाले, माझी एक बरणी उचलून परत आले. धाप लागली होती. सासूबाई म्हणाल्या, "तळघरात गेली होतीस की शिकागोला?" मी म्हटलं, पायरी निसरडी आहे. त्यांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कांदा चिरायला घेतला.

दर बुधवारी संध्याकाळी चर्च असतं, म्हणून सासूबाईंकडे अर्ध्या तासात होणारं जेवण — खिम्याचं सँडविच. इकडे आम्ही त्याला टॅव्हर्न म्हणतो. आमच्याच गोठ्यातल्या बैलाचा खिमा, त्यांच्या परसातला कांदा-लसूण, बरणीतले टोमॅटो, माझं केचप, चमचाभर मोहरीची पूड, व्हिनेगरचा थेंब, ब्राउन शुगर. रस आटेपर्यंत ढवळायचं, बनमध्ये भरायचं, वर लोणच्यातली काकडी. दुकानातून फक्त बन आणि साखर येते, आणि त्याचीही सासूबाईंना लाज वाटते.

ड्वेनने तीन खाल्ले आणि पुन्हा मका कापायला गेला. त्या दोन बरण्या मी नंतर गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतल्या. वास काही नव्हता. पण या विषाला वास नसतोच.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

वसंतात दुधाचं भांडं शेगडीवर जळून गेलं, त्याच महिन्यात सासूबाईंनी टपालपेटीवर गाडी घातली. तेव्हा ड्वेन आणि त्याची बहीण जनेल यांनी बसून ठरवलं — गाडीची किल्ली काढून घ्यायची, आणि आता आणखी एक काही झालं की गावातल्या वृद्धाश्रमात. सासूबाई समोरच बसल्या होत्या. "ठीक आहे" म्हणाल्या आणि सगळ्यांना ॲपल पाय वाढला.

विषारी टोमॅटो म्हणजे 'आणखी एक काही' नाही तर काय?

या बाईने माझ्या ॲपल पायच्या पारीला आयुष्यभर नावं ठेवली. लग्नात आहेर म्हणून बरण्या दिल्या आणि म्हणाल्या, "रिकाम्या आहेत. भरायला शिकशील असं धरून चालते." पण माझी आई गेली तेव्हा न बोलता महिनाभर आमचं जेवण दारात ठेवून गेल्या. त्यांच्या खिडकीतला दिवा दिसला नाही तर मला चैन पडायचं नाही. सासूबाई त्या वृद्धाश्रमात जेलीचे तुकडे खात बसलेल्या — छे! मी नाही होऊ देणार.

शनिवार, ६ ऑक्टोबर

कडक दंव पडलं. माझे टोमॅटोचे वेल काळे. सासूबाईंचेही. संपलं यंदाचं.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

त्या केस कापायला गेल्या होत्या — मीच सोडलं. परत येऊन तळघरात शिरले, चोरासारखी. पुढे पुन्हा दोन बरण्या, पुन्हा ढिली झाकणं! मागच्या ओळीतून काढून ठेवल्या असतील. दोन्ही उचलल्या आणि माझ्या तीन पक्क्या बरण्या तिथे लावल्या. माझ्या झाकणांवर तारीख असते ती पुसली आणि त्यांच्यासारखं नुसतं साल लिहिलं. अक्षरसुद्धा तसंच तिरकं काढलं.

खड्ड्यात आणखी दोन.

बुधवार, १० ऑक्टोबर

जेवण झालं. आज सासूबाईंनी बरणी स्वतः आणली, टेबलावर ठेवली, तिच्याकडे बघत राहिल्या. मीच उघडली. खाताना म्हणाल्या, "आज आंबट आहेत जरा."

ड्वेननेही घास घेतला, थांबला, सँडविच उघडून आत पाहिलं. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, काही नाही. आणि खाल्लं. या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशी लागते.

चर्चमध्ये सासूबाईंनी स्तोत्राचं पान चुकीचं काढलं. मी हळूच बदलून दिलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

शनिवार, १३ ऑक्टोबर

जनेलचा फोन. थँक्सगिव्हिंगला येते आहे. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होते आहे, दक्षिणेकडे खिडकी आहे, तेव्हाच जाऊन बघू म्हणते. ड्वेन काय म्हणाला? "बघू." बस्स, एवढंच! सख्खी आई आणि तोंडातून निघतं काय तर बघू.

मी चिडून विचारलं, तुझं काय मत? म्हणाला मक्यात अजून ओल फार आहे. धन्य!

बुधवार, १७ ऑक्टोबर

माझ्या उरलेल्या दोन बरण्या फळीवर नाहीत. त्या जागी पुन्हा दोन ढिल्या!

मी फळीची मागची ओळ पाहिली. पीच, घेवडा, बीट. टोमॅटोची एकही बरणी नाही. मग या येतात कुठून? वेल तर कधीच काळे पडले.

जेवणात काय केलं ते लिहायला लाज वाटते. बरणी हातातून पडल्याचं नाटक केलं आणि घरून केचप जास्त आणून भागवलं.  सासूबाईंचा टोमणासुद्धा नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

नंतर काचा आणि कागद टाकायला त्यांच्या घरामागच्या कचरा जाळायच्या पिंपाशी गेले. राखेत डबे. पत्र्याचे, काळे झालेले. एकावरचा कागद अर्धाच जळला होता — लालभडक टोमॅटो. दुकानातले!

मी तिथेच उभी राहिले. सासूबाईंनी यंदा टोमॅटोची एकही बरणी घातलेली नाही. डबा फोडायचा, बरणीत ओतायचा, झाकण लावून फळीवर ठेवायचा आणि बुधवारी आमच्यासमोर वर आणायचा. उकळल्याशिवाय झाकण धरणार कसं? आणि मी चांगले टोमॅटो विष म्हणून खड्ड्यात ओतत होते.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

सकाळीच गेले. ड्वेन शेतात होता. सरळ म्हटलं, आई, मला डब्यांचं कळलं.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं वळलेली, सांधे सुजून गाठी झालेल्या. रोज बघते मी ते हात, पण असे समोर मांडलेले कधी पाहिले नव्हते. ऑगस्टमध्ये उकळत्या पाण्याचं पातेलं सुटलं, पाय थोडक्यात वाचला म्हणाल्या. त्यानंतर टोमॅटो पिकत गेले आणि त्या कोंबड्यांना टाकत गेल्या, पहाटे, कुणी उठायच्या आत.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? "हात गेले म्हटलं की लोक डोकंही गेलं असं धरतात," म्हणाल्या. "आणि मी, या अल्विनाने, डब्यातले टोमॅटो वाढले, हे चर्चमध्ये कळलं असतं म्हणजे?"

मग मी माझं सांगितलं. बरण्या पळवल्या, माझ्या ठेवल्या, त्यांचं अक्षर काढलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. 

"ती तू होतीस?"

मी मान हलवली.

"पोरी, फळीवरून बरण्या जायच्या आणि दुसऱ्या यायच्या. माझ्याच अक्षरातल्या. मला वाटलं, मीच घातल्या आणि मला आठवत नाही. घाबरून उरलेल्या दोन लपवल्या आणि पुन्हा डब्यातले भरून ठेवले. वाटलं, आलं ते. जनेलला फोन करून ती खोली घेऊन टाक म्हणणार होते मी."

रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, सासरे गेले तेव्हाही नाही. मीही रडले. कोणत्या तोंडाने वाचवायला निघाले होते मी त्यांना! मीच ढकलत होते.

मग चहा केला. ठरलं — पुढच्या ऑगस्टपासून माझ्या स्वयंपाकघरात, दोघींनी. उचलायचं मी, चूक काढायची त्यांनी. जनेलला मी सांगेन की खोली नको. कारण विचारलं तर सांगेन, हात दुखतात, डोकं माझ्याहून बरं आहे. आणि ड्वेनला डब्यांचं काही कळू द्यायचं नाही असं मी म्हटलं तर घाईने म्हणाल्या, "हो हो, त्याला नकोच."

घरी आल्यावर लक्षात आलं — एक विचारायचं राहिलंच. गाडी तर त्यांची वसंतातच काढून घेतली. डबे आणले कोणी?

शनिवार, २० ऑक्टोबर

मळ्यात जेवण द्यायला गेले. ड्वेन मका कापणीच्या यंत्रावर दूर होता. हातमोजे हवे होते म्हणून त्याच्या पिकअपमध्ये सीटच्या मागे हात घातला. बियाण्याच्या पोत्याखाली टोमॅटोच्या डब्यांचं खोकं. पावती चाळीस मैलांवरच्या गावातल्या दुकानाची, जिथे आम्हाला कोणी ओळखत नाही.

पोतं होतं तसं परत घातलं.